बिनअक्षरी हास्य

चित्राखाली मजकूर नसेल तर मुलांस बोध होत नाही, असा समज सुशिक्षित घरांतही आढळतो. आम्हांस तो मान्य नाही. १९५२ साली ‘मोहिनी’च्या मुखपृष्ठावर शि. द. फडणीसांनी एका तरुण-तरुणीच्या वस्त्रांवर उंदीर-मांजरांची नक्षी काढली. शब्द एकही नाही, तरी घरोघर हशा पिकला. पुढे त्यांची चित्रे शालेय गणिताच्या पुस्तकांतही आली. (गणितात हसावयास मिळणे ही लहान गोष्ट नव्हे!) जर्मनीत १९३४ ते १९३७ या काळात एरिख ओझर याने बाप-लेकाच्या अशाच निःशब्द विनोदी कथा काढल्या; १९४४ साली नाझींच्या कैदेत त्याचा अंत झाला. अचलपुरात मराठी व उर्दू शेजारी नांदतात, जवळच मेळघाटात कोरकू. ही सारी पोरे एका पुस्तकाभोवती बसवावयाची तर ते बिनअक्षरीच हवे. ते कोणत्या बाजूने उघडावे, यावर मात्र तंटा व्हावयाचाच. उर्दू पुस्तक उजवीकडून उघडते.