परीक्षेत पहिली आली, शाळेत शिरलीच नाही

आजची गोष्ट अमेरिकेतली. प्रश्न साधाच: पोरांना वाचायला शिकवायचं कसं?

आधी एक गंमत बघा. मराठीत ‘म’ला आपण ‘म’च म्हणतो, अक्षराचं नाव आणि आवाज जवळजवळ एकच. इंग्रजीत ‘एम, ए, टी’ कितीही भरभर म्हणा, त्यातून ‘मॅट’ निघत नाही. त्यासाठी ‘म्म्म-ॲ-ट्’ हे आवाज माहीत असावे लागतात. आवाज शिकवायचे, ते जोडून शब्द वाचायला लावायचा, हे झालं फोनिक्स. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या बहुतेक शाळांत मात्र मुलं अख्खे शब्द नजरेनं ओळखायला शिकायची, चित्र ओळखावं तसे. १९५५ मध्ये रुडॉल्फ फ्लेश यांनी ‘व्हाय जॉनी कान्ट रीड’ लिहून त्यावर तोफ डागली. पुस्तक तुफान खपलं. शाळा फारशा हलल्या नाहीत.

मग आले सीगफ्रीड एंगलमन. हा माणूस मूळचा जाहिरातवाला! १९६० च्या दशकात ते इलिनॉय विद्यापीठात कार्ल बेरायटर यांच्यासोबत गरीब घरांतल्या लहान मुलांना शिकवू लागले. त्यांचं म्हणणं असं, की मूल शिकलं नाही तर दोष मुलाचा नाही, शिकवण्याचा. म्हणून त्यांनी धड्यातला शब्द न् शब्द आधीच लिहून ठेवला. बाईंनी काय विचारायचं, बोट कधी ठेवायचं, इशारा कधी करायचा, सगळं ठरलेलं. इशारा झाला की छोट्या गटातली सगळी मुलं एका सुरात उत्तर देणार. चुकलं तर तिथल्या तिथे दुरुस्ती. ‘बी’ आणि ‘डी’ दिसायला सारखे, पोरं गोंधळतात, म्हणून ती दोन अक्षरं मुद्दाम लांब अंतरानं शिकवायची. इतका बारीक विचार! ही पद्धत म्हणजे डायरेक्ट इन्स्ट्रक्शन. फोनिक्स म्हणजे काय शिकवायचं, आणि ही म्हणजे कसं शिकवायचं.

१९६८ पासून अमेरिकन सरकारनं ‘प्रोजेक्ट फॉलो थ्रू’ नावाचा प्रचंड प्रयोग केला. गरीब वस्त्यांतल्या शाळा, बालवाडी ते तिसरीची मुलं, आणि शिकवण्याच्या वेगवेगळ्या पद्धतींची तुलना. काही पद्धतींचा भर मुलांच्या आवडीवर, काहींचा आत्मविश्वासावर, काहींचा थेट अभ्यासावर. १९७७ मध्ये निकाल आला. वाचन-गणिताच्या पायाभूत कौशल्यांत डायरेक्ट इन्स्ट्रक्शन सगळ्यांच्या पुढे. आणि खरी मजा पुढे आहे: मुलांना स्वतःबद्दल काय वाटतं, त्या मोजणीतही हीच पद्धत वरच्या नंबरात!

आता वाटेल, झालं, देशभर लागू केली असेल. छे!

१९७८ मध्ये जीन ग्लास आणि इतर अभ्यासकांनी मूल्यमापनावरच बोट ठेवलं. एकच पद्धत एका गावात चालली, दुसऱ्या गावात आपटली. मग पद्धतींची क्रमवारी लावायची तरी कशी? शिवाय चाचण्या अशाच गोष्टींच्या होत्या, ज्या या पद्धतीत थेट शिकवल्या जातात. मला विचाराल तर हा आक्षेप पोकळ नाही. पण खरी अडचण वेगळी होती असं मला वाटतं. हातात लिहिलेली संहिता आली की शिक्षकाला आपण यंत्र झाल्यासारखं वाटतं. वर्गात रोज उभं राहणाऱ्या माणसाचा हा राग समजू शकतो. फक्त त्याची किंमत कोण देतं? घरी वाचून दाखवणारं कुणी असतं ती मुलं कशीही तरून जातात. ज्यांना शाळेशिवाय दुसरा आधार नाही, ती तिसरीतही अडखळतात.

पुढे उलटीच लाट आली. केनेथ गुडमन यांनी १९६७ मध्येच वाचनाला एक प्रकारचा अंदाजाचा खेळ म्हटलं होतं. त्यातून वाढलेल्या विचारानं मुलांना सांगितलं: शब्द अडला? चित्र बघ, संदर्भावरून ओळख. २००० मध्ये नॅशनल रीडिंग पॅनलनं शेकडो अभ्यासांतून निवड करून, पद्धतशीर फोनिक्सचा फायदा होतो असं सांगितलं. तरी अंदाजाचे धडे चालूच राहिले.

ते हलवलं कुणी, माहितीय? बऱ्याच अंशी एका पॉडकास्टनं. २०२२ मध्ये पत्रकार एमिली हॅनफर्ड यांचा ‘सोल्ड अ स्टोरी’ आला. आपलं वाचता न येणारं मूल नेमकं काय शिकत होतं, हे अनेक आईबापांना तेव्हा पहिल्यांदा कळलं, आणि त्यानंतर काही राज्यांनी अंदाजानं वाचायला शिकवण्यावर कायद्यानं बंदी घातली. इंग्रजीत आहे, पण जमलं तर जरूर ऐका.