कुलवैर, सोयरीक आणि गुप्त प्रीती

लोणावळ्यानजीक कार्ल्याचे लेणे आहे. तेथील प्राकृत लेखांत मावळाचे ‘मामाल’ हे प्राचीन रूप आढळते. क्षहरात नहपानाचा जामात उषवदात याने वलूरक लेण्यातील भिक्षूंना करजिक गाव दिले. त्याच गावाविषयी पुढे सातवाहनांची आज्ञा निघाली. दोन राजकुलांच्या वैराची ही मावळातील साक्ष होय.

पुढे कार्दमक क्षत्रपांशी सातवाहनांचे वैर झाले, तशी सोयरीकही झाली. कान्हेरीच्या भग्न संस्कृत लेखात वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी कार्दमक कुळातील, महाक्षत्रपाची कन्या म्हटली आहे. इ. स. १५० च्या सुमाराच्या जुनागढ लेखानुसार रुद्रदामनाने दक्षिणापथपती सातकर्णीला दोनदा जिंकूनही निकटच्या नात्यामुळे त्याचा उच्छेद केला नाही. हा सातकर्णी कोणता, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. मात्र त्या राणीचे नावही कान्हेरीच्या उपलब्ध लेखात नाही. मग तिच्या मनाची गोष्ट दूरच.

हाल सातवाहनाच्या नावावरील गाथासप्तशतीत नेमकी हीच गोष्ट आहे. तागाच्या शेतात वा गोदातीरीच्या झाडीत दूतीमार्फत भेटी ठरतात. आड येतो तो घरच्यांचा पहारा आणि गावाची कुजबूज. परंतु तेथील प्रेमिक अनामिक आहेत.

तात्पर्य, लेखांत कुळे आहेत, प्रीती नाही. गाथांत प्रीती आहे, कुळे नाहीत. एकातील मौन दुसऱ्यातील शब्दांनी भरून काढल्यास कथा रंगेल, पण तो इतिहास ठरणार नाही.