टायटस ग्रोन

टायटस ग्रोन ही ब्रिटिश लेखक व चित्रकार मर्विन पीक (1911–1968) यांची 1946 साली प्रकाशित झालेली इंग्रजी अद्भुतरम्य कादंबरी आहे. गॉर्मेनगास्ट कादंबरीमालेतील ही पहिली कादंबरी होय. समृद्ध, चित्रमय गद्य आणि अतिशय संथ कथानक ही तिची ठळक वैशिष्ट्ये मानली जातात.

लेखन व प्रकाशन
पीक यांचा जन्म चीनमध्ये मिशनरी कुटुंबात झाला. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात असताना त्यांनी या कादंबरीचे लेखन केले. हस्तलिखिताच्या वह्यांमध्ये ते पात्रांची रेखाटनेही करीत. प्रकाशनसंस्थेत काम करणारे कादंबरीकार ग्रॅहम ग्रीन यांनी हस्तलिखितातील पाल्हाळावर कठोर टीका केली. त्यानंतर पीक यांनी त्यात सुधारणा केल्या.

कथानक
गॉर्मेनगास्ट या अवाढव्य, जीर्ण किल्ल्यात ग्रोन घराण्याच्या 77 व्या वारसाचा, टायटसचा, जन्म होतो. येथील जीवन प्राचीन विधींनी जखडलेले असून त्यांचा मूळ अर्थ कोणालाही ठाऊक नाही. स्वयंपाकघरातून पळालेला स्टिअरपाइक हा धूर्त मुलगा हळूहळू वरच्या वर्तुळात शिरकाव करतो. तो टायटसच्या जुळ्या आत्यांना फितवून ग्रंथालयास आग लावतो व अडकलेल्या कुटुंबाची स्वतःच सुटका करून विश्वास संपादन करतो. ग्रंथ नष्ट झाल्याने सरदार सेपल्क्रेव्ह यांना वेड लागते. ते स्वतःला घुबड समजू लागतात आणि अखेर घुबडांच्याच भक्ष्यस्थानी पडतात. शेवटी दोन वर्षांचाही नसलेल्या टायटसला सरदारपद दिले जाते. त्या विधीत तो पवित्र वस्तू तळ्यात टाकून देतो.

शैली
नायक अखेरपर्यंत तान्हे मूल असल्याने कथा त्याच्या कृतींवर पुढे सरकत नाही. एखादी खोली, चेहरा किंवा छायाप्रकाश यांच्या वर्णनासाठी पीक अनेक परिच्छेद खर्ची घालतात. कथेत जादू जवळजवळ नाही. अद्भुतता स्थळाच्या प्रचंडपणातून आणि पात्रांच्या विक्षिप्तपणातून निर्माण होते. संथ गती हा कादंबरीचा दोष मानता येतो. मात्र ती आशयाशी सुसंगतही आहे. जिथे प्रत्येक दिवस विधिग्रंथाने आधीच ठरवलेला असतो, तिथे काळ जणू थिजलेला आहे. त्यामुळे स्टिअरपाइकच्या हालचाली आणि टायटसचे अजाण बंड अधिक ठळकपणे जाणवतात.

प्रतिसाद व पुढील भाग
सी. एस. लुईस यांनी पीक यांना पत्र लिहून या कादंबऱ्यांची प्रशंसा केली. अँथनी बर्जेस यांनी नंतरच्या आवृत्तीस प्रस्तावना लिहिली. गॉर्मेनगास्ट (1950) व टायटस अलोन (1959) हे मालेचे पुढील भाग होत. पहिल्या दोन कादंबऱ्यांवर आधारित दूरचित्रवाणी मालिका बीबीसीने 2000 साली प्रसारित केली.