'वयामुळे' म्हणजे कशामुळे? : अमेरिकी कायद्यातला एक जुना कार्यकारणाचा प्रश्न



आजचा विषय वर्तमानपत्रातल्या चार ओळींच्या बातमीएवढा वाटेल. अमेरिकेत साठीकडे झुकलेला एक कर्मचारी आजारी पडतो. वैद्यकीय रजा घेतो, बरा होऊन कामावर परत येतो आणि थोड्याच दिवसांत त्याला कामावरून कमी केलं जातं. तो न्यायालयात जातो. त्याच्या दाव्यात दोन तक्रारी असतात. वयामुळे माझ्याशी भेदभाव झाला, ही एक. कायद्याने दिलेली रजा घेतल्यामुळे मला शिक्षा झाली, ही दुसरी. असे दावे तिथे नेहमीचेच. पण त्यांच्यामागे जवळजवळ साठ वर्षांचा इतिहास आहे आणि त्या इतिहासाचा सगळा भार एका लहानशा अव्ययावर पडला आहे : 'मुळे'. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे आमची नजर तिथेच जाऊन अडकते. आज आपण त्याचाच माग काढू.

सुरुवात 1964 सालापासून करायला हवी. त्या वर्षीच्या नागरी हक्क कायद्याने नोकरीत वंश, रंग, धर्म, लिंग आणि राष्ट्रीय मूळ यांवरून भेदभाव करायला बंदी घातली. या यादीत वय नव्हते. ते घालावे असे प्रयत्न झाले, पण काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, ते बाजूला ठेवले आणि कामगारमंत्र्यांना आधी अभ्यास करायला सांगितले. कामगारमंत्री होते विलर्ड वर्ट्झ. त्यांचा अहवाल 1965 मध्ये आला. खाजगी क्षेत्रात निघणाऱ्या नोकऱ्यांपैकी सुमारे निम्म्या जागा 55 वर्षांवरच्या उमेदवारांना सरळ बंद होत्या आणि सुमारे पाव जागा 45 वर्षांवरच्यांना. पंचेचाळीस! म्हणजे मुलं अजून शाळा-कॉलेजात असायची आणि बापाला नवी नोकरी मिळायची नाही.

या अहवालातला एक विचार आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. वर्ट्झ यांनी म्हटले की वंशभेदामागे जसा द्वेष असतो, तसा तो वयाच्या बाबतीत दिसत नाही. इथे असतो तो एक ठोकताळा : वय झालं म्हणजे काम मंदावणार. आपल्या न्यायशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर हा सदोष अनुमानाचा प्रश्न आहे. धुरावरून अग्नीचे अनुमान चालते, कारण जिथे धूर तिथे अग्नी ही व्याप्ती पक्की आहे. 'जिथे साठ वर्षे तिथे मंदपणा' ही व्याप्ती तशी पक्की नाही. हेतू कधी साध्याबरोबर असतो, कधी नसतो. नैयायिक त्याला सव्यभिचार हेत्वाभास म्हणतात. अमेरिकेने 1967 मध्ये कायदा केला तो या हेत्वाभासाविरुद्ध, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी डिसेंबर 1967 मध्ये त्यावर सही केली. संरक्षण होते 40 ते 65 या वयोगटाला. 1978 मध्ये वरची मर्यादा 70 झाली आणि 1986 मध्ये ती बहुतेकांसाठी काढूनच टाकली. कायम नेमणुकीच्या प्राध्यापकांना मात्र 1993 संपेपर्यंत सत्तरीला घरी पाठवता येत होते. आपल्याला हे सगळं जरा नवलाचं वाटतं. आपल्याकडे ठरलेल्या वयाला निवृत्ती म्हणजे सूर्य मावळण्याइतकी ठरलेली गोष्ट. आपल्या राज्यघटनेच्या पंधराव्या आणि सोळाव्या कलमांतल्या याद्या काढून बघा. धर्म आहे, वंश आहे, जात आहे, लिंग आहे, जन्मस्थान आहे, वय नाही. तिथे मात्र काही अपवाद सोडले तर, काम करू शकणाऱ्या पंचाहत्तरीच्या माणसाला केवळ पंचाहत्तरीचा म्हणून काढता येत नाही.

कागदावर हे छान आहे. आता न्यायालयात काय झालं ते पाहू.

पहिली गोष्ट 1976 ची. मॅसॅच्युसेट्सच्या पोलिस दलातले अधिकारी रॉबर्ट मुर्जिया यांना पन्नासाव्या वर्षी सक्तीने निवृत्त केले. चारच महिन्यांपूर्वी ते शारीरिक तपासणीत उत्तीर्ण झाले होते. त्यांनी दाद मागितली ती राज्यघटनेतल्या समान संरक्षणाच्या तत्त्वाखाली. सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. युक्तिवादाचा आशय असा : वृद्ध हा समाजातला वेगळा पडलेला, छळला गेलेला गट नाही. पुरेसं जगलो तर प्रत्येक जण त्या टप्प्यावर पोहोचणारच. थर्गुड मार्शल या एकाच न्यायमूर्तींनी भिन्नमत नोंदवले.

हा युक्तिवाद ऐकायला वाजवी वाटतो. पण आपल्या परंपरेने जरा आणि व्याधी सर्वांनाच गाठतात हे ओळखून त्यातून करुणेकडे जाणारा रस्ता काढला. न्यायालयाने त्याच सत्यावरून उलटा निष्कर्ष काढला : जे सर्वांनाच येणार, त्याला खास संरक्षण कशाला? शिवाय सर्वांना येणारी गोष्ट एकाच वेळी येत नाही. निर्णय घेणारा पस्तिशीचा असतो आणि ज्याच्यावर निर्णय होतो तो साठीचा. पस्तिशीचा माणूस पुढे साठीचा होईल, याचा आज घरी बसलेल्याला काय उपयोग?

दुसरी गोष्ट 1993 ची. त्या फेब्रुवारीत बिल क्लिंटन यांनी कौटुंबिक आणि वैद्यकीय रजेच्या कायद्यावर सही केली. आधीचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश, म्हणजे थोरले बुश, यांनी या प्रस्तावाला दोनदा नकाराधिकार वापरला होता. या कायद्याने वर्षात 12 आठवड्यांची रजा मिळते : स्वतःच्या गंभीर आजारासाठी, बाळंतपणासाठी, किंवा आई-वडील, पती-पत्नी, मुलं यांच्या शुश्रूषेसाठी. रजा बिनपगारी. तीसुद्धा 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत, आणि वर्षभर नोकरी व मागच्या बारा महिन्यांत किमान 1,250 तास काम झालेले असेल तर. पण परत आल्यावर तीच किंवा त्याच तोडीची जागा द्यावी लागते. कामगार खात्याचे नियम आणखी सांगतात की घेतलेली रजा हा कर्मचाऱ्याविषयीच्या कोणत्याही निर्णयात प्रतिकूल मुद्दा धरायचा नाही.

म्हणजे एका हाताला वयाचा कायदा, दुसऱ्या हाताला रजेचा. आता त्या 'मुळे'कडे वळू.

त्याच 1993 मध्ये वॉल्टर बिगिन्स यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. मॅसॅच्युसेट्समधल्या एका कागद कंपनीत ते 1977 पासून नोकरीला होते. 1986 मध्ये, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, त्यांना काढले. दहा वर्षे भरायला काही आठवडेच उरले होते आणि दहा वर्षे भरली की पेन्शनचा हक्क पक्का होणार होता. न्यायालय म्हणाले, पेन्शन बुडवण्यासाठी काढले असेल तर तो पेन्शनच्या कायद्याचा भंग. पण तेवढ्यावरून वयाचा भेदभाव सिद्ध होत नाही. नोकरीची वर्षे वेगळी, आयुष्याची वर्षे वेगळी.

नैयायिकांची आठवण इथे होतेच. घड्याचे कारण काय? कुंभार, चाक, चाक फिरवणारा दांडा. आणि दांड्याचा रंग? तोही घड्याच्या आधी तिथे असतोच, दांड्याबरोबर येतोच. पण घडा त्याच्यामुळे होत नाही. माती वाहणारे गाढवही आधी असते, कुंभाराचा बापही असतो. अशांना 'अन्यथासिद्ध' म्हणून कारणांतून वगळतात. बिगिन्स खटल्यात पेन्शन हा दांडा ठरला आणि वय हा दांड्याचा रंग.

तर्क म्हणून हे चोख आहे. पण वय हे माणसाच्या आयुष्यात एकटं कधी दिसतं का? ते दिसतं वाढलेल्या पगारात, जवळ आलेल्या पेन्शनमध्ये, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत, हृदयाच्या दुखण्यात. हे एकेक काढून 'हे वय नव्हे, तेही वय नव्हे' म्हणत गेलो तर शेवटी हाती उरतो नुसता जन्मदाखल्यावरचा आकडा. त्या आकड्याचा राग करणारा मालक शोधून सापडायचा नाही.

कधी कधी सापडतो. मिसिसिपीतले रॉजर रीव्ज एकाच कारखान्यात चाळीस वर्षे होते. सत्तावन्नाव्या वर्षी, 1995 मध्ये, त्यांना काढले. कारण दिले हजेरीच्या नोंदी नीट न ठेवल्याचे. त्यांच्या वरिष्ठाने त्यांना 'मेफ्लॉवर' जहाजातून आलेला म्हटले होते, म्हणजे 1620 मधला! हजेरीच्या नोंदींचे कारण खोटे असल्याचा पुरावाही रीव्ज यांनी दिला. सन 2000 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की मालकाने दिलेले कारण खोटे ठरले, तर ज्यूरी त्यावरून भेदभावाचा निष्कर्ष काढू शकते. हा निकाल वादींच्या मोठ्या उपयोगाचा. पण तोंडाने बोलून जाणारा वरिष्ठ प्रत्येकाला थोडाच लाभतो?

मग आला 2009 मधला जॅक ग्रॉस यांचा खटला. आयोवातल्या विमा व्यवसायातले हे अधिकारी चोपन्नाव्या वर्षी दुसऱ्या पदावर ढकलले गेले आणि त्यांच्या बऱ्याचशा जबाबदाऱ्या चाळिशीच्या सुरुवातीला असलेल्या सहकारी स्त्रीकडे गेल्या. ज्यूरीने ग्रॉस यांच्या बाजूने कौल दिला. सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो टिकू दिला नाही. वंश किंवा लिंगाच्या दाव्यात 'हे एक कारण होते' एवढे दाखवणे 1991 च्या दुरुस्तीपासून पुरते. वयाच्या दाव्यात मात्र 'वय नसते तर हे घडलेच नसते' असे वादीनेच सिद्ध करायचे. हा निकाल फिरवणारे विधेयक प्रतिनिधीगृहात 2020 आणि 2021 मध्ये मंजूर झाले, पण सिनेटमध्ये अडकले.

आता आपल्या पहिल्या कर्मचाऱ्याकडे या. तो म्हणतो, मला वयामुळे काढलं आणि रजेमुळेही काढलं. समोरचा वकील लगेच विचारतो, अहो, रजेमुळे काढलं असेल तर वयामुळे कसं? एक काहीतरी ठरवा. कायद्याने पर्यायी तक्रारी मांडता येतात, पण ज्यूरीच्या मनात शंका पेरायला एवढा प्रश्न पुरतो. वास्तविक एका कार्याला अनेक आवश्यक कारणं असू शकतात. कुंभार नसता तर घडा नसता, चाक नसतं तरीही नसता. दोन्ही खरं. सर्वोच्च न्यायालयानेच 2020 मध्ये, बॉस्टॉक खटल्यात, अपघाताचं उदाहरण देऊन हे स्पष्ट केलं : एकाने लाल दिवा तोडला, दुसऱ्याने वळताना इशारा दिला नाही, अपघात दोघांमुळेही झाला. तेव्हा आजारी वृद्धाने दोनांतलं एक निवडायला हवं, असं तर्कशास्त्र मुळीच सांगत नाही.

सरकारी नोकरांची गोष्ट आणखी बोलकी आहे. सन 2000 मध्ये फ्लोरिडाच्या सरकारी विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक किमेल आणि इतर हरले : वयाच्या कायद्याखाली राज्य सरकारकडून नुकसानभरपाई मागता येणार नाही, असे ठरले. आधार तोच मुर्जिया खटला. 2003 मध्ये नेव्हाडाच्या हिब्ज यांनी जखमी पत्नीच्या शुश्रूषेसाठीच्या रजेवरून दावा केला, आणि तो चालू शकतो असे ठरले. कारण शुश्रूषेचा प्रश्न स्त्री-पुरुष भेदभावाशी जोडलेला आहे. पण 2012 मध्ये मेरीलँडचे कोलमन स्वतःच्या आजाराच्या रजेवरून न्यायालयात गेले, ते हरले. न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी भिन्नमत लिहिले. म्हणजे राज्य सरकारचा नोकर म्हातारा असो वा आजारी, भरपाईचं दार दोन्हीकडून बंद. जरा आणि व्याधी सर्वांचीच, म्हणून कुणाचीच नाही.

श्रोत्यांपैकी अनेकांची मुलं तिथे आहेत आणि आता त्यांनीही पन्नाशी गाठली असेल. ती तिथे काम करत असतील तर नागरिक नसली तरी हे कायदे त्यांना लागू होतात. त्यांना एवढं जरूर सांगा. वयाची तक्रार समान रोजगार संधी आयोगाकडे 180 दिवसांत करावी लागते, जिथे राज्याची स्वतःची यंत्रणा आहे तिथे 300 दिवसांत. रजेच्या दाव्याला साधारण दोन वर्षे मिळतात, जाणूनबुजून भंग केला असेल तर तीन. आणि कामाचे मूल्यमापन रजेच्या आधी कसं होतं, नंतर कसं झालं, याचे कागद जपून ठेवायचे. कारण शेवटी न्यायालयात भांडण होतं ते या क्रमावर.

आमचं म्हणणं थोडक्यात असं. 1965 मध्ये वर्ट्झ यांनी नेमका रोग ओळखला होता : माणसाचं काम न बघता त्याच्या वयावरून अनुमान काढणं. पुढे न्यायालयांनी शोध मात्र घेतला तो द्वेषाचा, सुट्या आणि शुद्ध 'वयामुळे'चा. म्हणून साधा प्रश्न मागे पडला. या माणसाचं काम कुणी तपासून पाहिलं होतं का? रजेवरून आल्यावर त्याला ते करून दाखवायची संधी दिली होती का? एखाद्याला काढताना या दोन प्रश्नांची उत्तरं मालकाकडे नसतील, तर कारण वय होतं की आजार, हे सिद्ध करायचं ओझं काढलेल्या माणसाच्या डोक्यावर ठेवणं आम्हाला न्याय्य वाटत नाही.