मणिबेली : घरगुती सौरवीज, तिचा खर्च आणि परतफेड

मणिबेली (ता. अक्कलकुवा, जि. नंदुरबार) हे नर्मदेच्या दक्षिण काठावर, सातपुड्याच्या उतारांवर पाड्यापाड्यांनी विखुरलेले आदिवासी गाव. सरदार सरोवराच्या भिंतीच्या वरच्या अंगाला महाराष्ट्रातील पहिले गाव हेच. राज्यातील ३३ गावे या सरोवराच्या बुडितात आली. त्यांतही पाणी आधी मणिबेलीला लागले. १९९२-९३ चा येथील धरणविरोधी सत्याग्रह गाजला. मोठ्या धरणांना जागतिक बँकेने पैसा पुरवू नये, अशी मागणी करणारा १९९४ चा आंतरराष्ट्रीय जाहीरनामा या गावाच्याच नावाने ओळखला जातो. घरावर सौरसंच बसवला तर खर्च किती आणि तो किती वर्षांत फिटतो, या प्रश्नाची शहरात रूढ झालेली उत्तरे अशा गावाला लागू पडत नाहीत. म्हणून दोन्ही हिशेब येथे शेजारी ठेवले आहेत.

मीटर असलेल्या घराचा हिशेब सोपा आहे. एक किलोवॉटच्या संचाला सुमारे १०० चौरस फूट सावलीविरहित जागा लागते. महाराष्ट्रात तो वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिटच्या आसपास वीज देतो. खानदेशात ऊन भरपूर. शेजारच्या धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौरप्रकल्प २०१३ मध्ये सुरू झाला, तो या उन्हाच्या भरवशावरच. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत एक किलोवॉटला ३०,००० रुपये, दोनला ६०,००० आणि तीन किंवा त्याहून अधिक किलोवॉटला ७८,००० रुपये केंद्राचे अनुदान मिळते. तीन किलोवॉटचा संच १,९०,००० रुपयांना पडला असे धरले, तर घरमालकाच्या खिशातून १,१२,००० जातात. महावितरणचा २०२४-२५ चा घरगुती दर वहन आकारासह पहिल्या १०० युनिटना सुमारे सहा रुपये आणि १०१ ते ३०० युनिटना साडेअकरा रुपयांच्या आसपास होता. त्यावर १६ टक्के वीज शुल्क. महिन्याला ३०० युनिट वापरणाऱ्या घराची यात तीन हजारांहून थोडी अधिक बचत होते आणि गुंतवलेला पैसा सुमारे तीन वर्षांत निघतो. स्थिर आकार मात्र भरावाच लागतो. कर्ज काढले असेल तर व्याजामुळे ही मुदत लांबते.

वापर १०० युनिटच्या आत असेल तर वाचणारी वीजच स्वस्त असते, म्हणून त्या मानाने बचत कमी. अशा घरांसाठी राज्याने २०२५ मध्ये ‘स्मार्ट’ ही जोडयोजना आणली. एक किलोवॉटच्या संचाला केंद्राच्या ३०,००० रुपयांवर राज्य दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला १७,५०० आणि अनुसूचित जाती-जमातींच्या कुटुंबाला १५,००० रुपये देते. ५०,००० रुपयांच्या किमतीत कुटुंबाचा वाटा अनुक्रमे २,५०० आणि ५,००० उरतो. इतका वाटा वर्षभरातच फिटतो. गरीब घरासाठी याहून चांगला सौदा आजवर झालेला नाही, असे म्हणायला हरकत नाही.

पण या दोन्ही योजनांची अट एकच आहे : घरात वीजजोडणी हवी. दिवसा जादा झालेली वीज वाहिनीत जाते, रात्री ती परत घेता येते आणि नेट मीटर दोन्हींची वजाबाकी करतो. महाराष्ट्रात ही पद्धत २०१५ च्या नियमांनी रुजली. म्हणजे बॅटरीचे काम वाहिनीच करते, आणि परतफेड लवकर होण्याचे मुख्य कारण तेच. सातपुड्यात घरे एकमेकांपासून दूर, मध्ये दऱ्या आणि सरोवराचे फाटे. खांब ओढत नेण्याचा खर्च दरघरी फार पडतो. वाहिनी ज्या पाड्यावर पोचलेली नाही, तिथल्या कुटुंबाला या अनुदानातला एक रुपयाही लागू होत नाही. याच परिसरातून उठून तळोदा तालुक्यातील सोमावल, रोझवा यांसारख्या पुनर्वसन वसाहतींत गेलेल्या कुटुंबाच्या दारात मीटर असेल, तर त्याला तो लागू होतो. मात्र जोडणी आणि घर यांची कागदपत्रे जुळलेली हवीत.

वाहिनीविना चालणाऱ्या संचाची बांधणी वेगळी असते. २०१७ च्या ‘सौभाग्य’ योजनेत दुर्गम घरांसाठी २०० ते ३०० वॉटची प्लेट, बॅटरी, पाच एलईडी दिवे, एक डीसी पंखा आणि एक डीसी प्लग असा संच ठरवला होता. देखभाल-दुरुस्तीची जबाबदारी पाच वर्षे. आदिवासी वस्त्यांसाठीच्या केंद्राच्या नव्या सौर योजनेत अशा एका घरामागे ५०,००० रुपयांपर्यंत खर्च धरला आहे. तीनशे वॉटची प्लेट स्वच्छ दिवशी सव्वा युनिटभर वीज देते. सात वॉटचे पाच दिवे पाच तास, पंचवीस वॉटचा पंखा आठ तास आणि दोन मोबाइल एवढ्याला ४०० वॉट-तास म्हणजे युनिटच्या दोन पंचमांश वीज लागते. कागदावर हे आरामात बसते. खरी परीक्षा जुलै-ऑगस्टमध्ये : सातपुड्यात ढग हटत नाहीत आणि प्लेटचे उत्पादन निम्म्यावर येते. शंभर अँपिअर-तासांची बारा व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी १.२ युनिट साठवते. तिचे आयुष्य राखायचे तर त्यातली निम्मीच वापरावी, म्हणजे दीड रात्र निघते. लोह-फॉस्फेट प्रकारच्या लिथियम बॅटरीतून साठ्याचा ऐंशी टक्के भाग वापरता येतो आणि ती दहा वर्षांच्या आसपास टिकते, पण घेताना महाग पडते.

आता परतफेड. प्लेटचे आयुष्य २५ वर्षे असते आणि तिची क्षमता दरवर्षी अर्धा-पाऊण टक्क्यानेच घटते. २०१० नंतरच्या दशकात जगभर प्लेटच्या किमती ८० टक्क्यांहून अधिक उतरल्या. सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा करही १२ वरून ५ टक्क्यांवर आला. प्लेट ही आता संचातली चिंतेची वस्तू राहिलेली नाही. शिसे-आम्ल बॅटरी मात्र चार-पाच वर्षांत बसते. ती १०,००० रुपयांना मिळते असे धरले, तर २५ वर्षांत चार वेळा बदलण्याचे ४०,००० होतात. नियंत्रक, दिवे, तारा यांचे दहा हजार आणि मूळ संचाचे पन्नास हजार मिळवले की एकूण एक लाख. रोज ०.४ युनिट वापराने तेवढ्या वर्षांत ३,६५० युनिट वीज मिळेल. म्हणजे युनिटला २७ रुपये. महावितरणच्या पहिल्या १०० युनिटच्या शुल्कासह दराच्या जवळजवळ चौपट. वीजबिलाशी तुलना केली तर हा संच कधीच फिटत नाही.

ही तुलनाच चुकीची आहे, कारण त्या घरात वीजबिल कधी येतच नव्हते. तेथे खर्च होतो तो रॉकेलवर, टॉर्चच्या सेलवर, मोबाइल चार्ज करून आणण्यावर. दोन चिमण्या रोज चार तास जळल्या तर महिन्याला तीन लिटरच्या आसपास रॉकेल जाते. धुराने डोळे चुरचुरतात आणि कुडाच्या घरात आगीची भीती असते ती वेगळीच. या सगळ्यावर एखाद्या कुटुंबाचे महिन्याला ३०० रुपये जात असतील, तर ५०,००० रुपये फिटायला चौदा वर्षे लागतील. ते त्याच्या ऐपतीबाहेर आहे, म्हणून मूळ संच सरकारनेच द्यायला हवा. पाच वर्षांनी लागणाऱ्या बॅटरीसाठी मात्र महिन्याला १७० रुपये बाजूला पडले तरी पुरते. संच टिकतो की अडगळीत जातो, हे या १७० रुपयांवर आणि दुरुस्ती करणारा माणूस किती लांब आहे यावर ठरते.

याचे चांगले उदाहरण महाराष्ट्रातच आहे. पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातील दरेवाडी या महादेव कोळी वस्तीवर ‘ग्रामऊर्जा’ या कंपनीने २०१२ मध्ये ९.४ किलोवॉटची सौर सूक्ष्मजाल-व्यवस्था उभारली. उभारणीचा पैसा बाहेरून आला. नंतर गावकऱ्यांच्या विश्वस्त संस्थेने घराघरांत मीटर बसवून वापराप्रमाणे पैसे घ्यायला सुरुवात केली, आणि बॅटऱ्यांसाठी निधी साठू लागला. राजस्थानात तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजने फारसे न शिकलेल्या ग्रामीण स्त्रियांना सौरसंचांची जोडणी-दुरुस्ती शिकवली. नर्मदा बचाव आंदोलनाने नर्मदाकाठी चालवलेल्या जीवनशाळांतून शिकून निघालेली मुले-मुली हे काम नक्की करू शकतील. त्यांना त्याचे वेतन मिळाले पाहिजे.

या खोऱ्याने स्वतःची वीज तयार करण्याचा प्रयत्न आधीही केला आहे. धडगाव तालुक्यातील बिलगाव येथे उदई नदीच्या धबधब्यावर २००३ मध्ये १५ किलोवॉटचा सूक्ष्म जलविद्युत प्रकल्प उभा राहिला. केरळच्या तरुण अभियंत्यांचे तंत्रज्ञान आणि गावकऱ्यांचे श्रमदान यांतून तो झाला, आणि २००६ च्या पावसाळ्यात पुराच्या पाण्याने तो उद्ध्वस्त केला. तीन वर्षांत परतफेडीचा विचार करायलाही सवड मिळाली नाही. सौरसंच या बाबतीत उजवा ठरतो. धरणाची पूर्ण जलपातळी १३८.६८ मीटर आहे आणि २०१९ मध्ये पाणी प्रथम तिथवर चढले. पाणी वाढले की घर उचलून डोंगरावर सरकवणाऱ्या कुटुंबाला प्लेटचे नटबोल्ट काढून ती नव्या अंगणात उभी करता येते. कौलारू किंवा कुडाच्या घरावर वजन टाकण्यापेक्षा अंगणात खांब रोवून प्लेट बसवणे बरे. हा भाग २१ ते २२ अक्षांशांच्या दरम्यान असल्याने प्लेट दक्षिणेकडे साधारण तेवढ्याच अंशांनी कललेली असावी. डोंगराची सावली हिवाळ्यात कुठवर येते ते आधी पाहून मग खांबाची जागा ठरवावी.

सरदार सरोवराची वीजनिर्मितीक्षमता १,४५० मेगावॉट आहे आणि त्या विजेतला २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा. ज्यांच्या जमिनीवर हे पाणी उभे आहे त्यांच्याकडून ४०० वॉट-तासांच्या परतफेडीचा हिशेब मागणे अन्यायाचे आहे. त्यांच्या बॅटरीचा खर्चही या वाट्यातून कायमचा उचलला गेला पाहिजे. तोवर पाड्यावर संच येईल तेव्हा ग्रामसभेने ठेकेदाराकडून चार गोष्टी लिहून घ्याव्यात : बॅटरीचा प्रकार, हमीची शेवटची तारीख, तक्रार कोणाकडे करायची त्याचे नाव, आणि दुरुस्ती किती दिवसांत होईल ती मुदत.