नागरिकत्व दोन, सैन्यसेवा कुणाची?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या मराठी घरांतून मुलगे परदेशी जाऊ लागले त्याला आता तीन पिढ्या होत आल्या. पहिली पिढी शिकायला गेली, दुसरी तिथेच राहिली, तिसरीचा तर जन्मच तिकडचा. या तिसऱ्या पिढीतला मुलगा सतरा-अठरा वर्षांचा झाला की काही घरांपुढे एक प्रश्न उभा राहतो. मुलाला सैन्यात जावे लागेल का, आणि जावे लागले तर कुणाच्या? भारतात सैन्यभरती ऐच्छिक आहे. त्यामुळे सक्तीच्या सेवेचा विचार करण्याची सवय आपल्या आजी-आजोबांना नव्हती, आई-वडिलांनाही नाही. भरतीचे पत्र हातात पडल्यावर धावाधाव होते, तोवर कायद्याने दिलेल्या बहुतेक मुदती टळून गेलेल्या असतात. म्हणून या प्रश्नाची उकल शांतपणे आणि मुळापासून करायला हवी.

आधी एक गैरसमज दूर करू. ‘ओसीआय’ (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड म्हणजे दुहेरी नागरिकत्व नव्हे. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे जो भारतीय स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतो, त्याचे भारतीय नागरिकत्व आपोआप संपते. त्यासाठी वेगळा अर्ज लागत नाही, हुकूमही लागत नाही. २००५ च्या दुरुस्तीनंतर जे ओसीआय कार्ड मिळू लागले, ते आजन्म येण्याजाण्याची आणि राहण्याची मुभा देते, पण मतदानाचा हक्क देत नाही आणि सरकारी नोकरीचे दारही उघडत नाही.

तरीही भारतीय कायद्यात दुहेरी नागरिकत्वाची एक चिंचोळी फट आहे, आणि ती नेमकी सैन्यभरतीच्या वयाशी येऊन भिडते. परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत केली, आणि त्याच्याकडे दुसरा पासपोर्ट नाही असे आई-वडिलांनी लिहून दिले, तर तो वंशाने भारतीय नागरिक ठरू शकतो. जन्मभूमीच्या कायद्याने तो तिथलाही नागरिक असेल तर कलम ४(१अ) त्याला सज्ञान झाल्यापासून ६ महिन्यांची मुदत देते. तेवढ्यात त्याने परके नागरिकत्व सोडले नाही तर भारतीय नागरिकत्व जाते. म्हणजे साडेअठरा वर्षांपर्यंत मुलगा दोन्हीकडचा राहू शकतो. अठराव्या वर्षी परक्या सैन्याचे बोलावणे आणि त्याच सुमारास भारताची ही मुदत, अशा दोन तारखा एकाच वर्षात येतात.

दोन देशांचा एकाच तरुणावर हक्क असेल तर आंतरराष्ट्रीय कायदा काय म्हणतो? १९३० मध्ये हेग येथे नागरिकत्वाविषयी करार झाला. त्याच्या चौथ्या कलमाचा आशय असा, की ज्या देशाचे नागरिकत्व माणसाकडे आहे त्या देशाविरुद्ध त्याचा दुसरा देश त्याला राजनैतिक संरक्षण देऊ शकत नाही. घरच्या भाषेत सांगायचे तर ज्याच्या भूमीवर तुम्ही उभे आहात आणि ज्याचे तुम्ही नागरिकही आहात, त्याने सैन्यात बोलावले तर दुसऱ्या देशाच्या राजदूताकडे दाद मागून उपयोग नाही. त्याच परिषदेत सैन्यसेवेसाठी स्वतंत्र मसुदा झाला आणि त्यात एक शहाणे तत्त्व आले : जिथे माणूस कायम राहतो आणि ज्या देशाशी त्याचे नाते सर्वांत घट्ट आहे, त्याच देशाची सेवा त्याच्यावर बंधनकारक असावी, दुसऱ्या देशाने त्याला मोकळे करावे. १९६३ चा स्ट्रासबुर्गचा युरोपीय करारही याच दिशेने गेला. पण असे करार सही करणाऱ्यांपुरतेच असतात, आणि सक्तीची सेवा असलेले सगळे देश त्यांत नाहीत. तत्त्व चांगले असूनही ज्याला त्याची गरज आहे त्याच्यापर्यंत ते पोचत नाही.

बडोद्याला तरी दोन धन्यांच्या चाकरीचा प्रश्न नवा नाही. दमाजी गायकवाडांनी पेशव्यांशी तह केला तेव्हा गुजरातचा अर्धा मुलूख वाटून दिलाच, शिवाय १०,००० स्वार बाळगून गरजेच्या वेळी पेशव्यांच्या मदतीला जाण्याचे मान्य केले. १७६१ मध्ये दमाजी पानिपतावर होते ते या नात्यानेच. पुढे १८०२ पासून इंग्रजांशी करार सुरू झाले आणि बडोद्याचे सैन्य किती, कुणासाठी, कुणाच्या खर्चाने, हे कलमांत लिहिले जाऊ लागले. या साऱ्या व्यवहारात सेवा हे संस्थानाचे देणे होते. तिची मोजदाद होत असे, वाटाघाटी होत, कधी स्वारांऐवजी रक्कम ठरे. आज ते ओझे संस्थानावरून उतरून एकेका मुलाच्या खांद्यावर आले आहे. पैसे भरून सुटण्याची सोय मात्र अजून काही देशांत आहे. तुर्कस्तान परदेशी राहणाऱ्या नागरिकांकडून रक्कम घेतो. स्वित्झर्लंड सेवा न केलेल्या पुरुषांवर करपात्र उत्पन्नाच्या ३ टक्के कर लावतो.

याच दांडिया बाजारात खासेराव जाधवांच्या बंगल्यात अरविंद घोष राहत असत. ती वास्तू आज ‘अरो निवास’ म्हणून उभी आहे. त्यांच्या ओळखीने जतींद्रनाथ बॅनर्जी हा बंगाली तरुण गायकवाडांच्या सैन्यात शिरला. इंग्रज सरकार तेव्हा बंगाल्यांना फौजेत घेत नसे, म्हणून त्याने ‘उपाध्याय’ असे आडनाव लावले. जन्माने ब्रिटिश मुलखातला, पगार संस्थानाचा, आणि मनात तिसरीच निष्ठा, अजून जन्माला न आलेल्या देशाची. कागदावरचे प्रजाजनत्व आणि मनातली बांधिलकी ही दोन वेगळी मापे आहेत, हे या एका उदाहरणावरून दिसते. पुढे याच बाजारात प्रोफेसर माणिकरावांनी जुम्मादादा व्यायाम मंदिरात लाठी, मल्लखांब आणि संघव्यायामाचे धडे दिले. शिस्तीचे आणि शस्त्राचे शिक्षण तिथे मुले आपण होऊन घेत. सक्तीशिवायही समाज आपल्या तरुणांना कणखर करू शकतो, याची ती जिवंत शाळा होती.

संस्थानी प्रजेचा कायदेशीर दर्जाही लक्षात घ्यायला हवा. पुण्याचा मुलगा ब्रिटिश प्रजाजन होता, बडोद्याचा मुलगा मात्र ‘ब्रिटिश संरक्षित’ व्यक्ती. लंडनमध्ये दोघे एकाच खोलीत राहत असले तरी कायद्याच्या नजरेत ते एक नव्हते. १९३९ च्या ब्रिटनच्या सक्तीच्या सैन्यसेवेच्या कायद्याने तिथे वास्तव्य असलेल्या ब्रिटिश प्रजाजनांना बोलावले, आणि त्यात भारतीयही आले. सुरेश वैद्य या भारतीय पत्रकाराने लंडनमध्ये त्याला नकार दिला. हिंदुस्थानला न विचारता युद्धात ओढले आहे, तेव्हा हिंदी माणसावर सक्ती कसली, हा त्यामागचा सवाल होता. त्यांना अटक झाली. जॉर्ज ऑरवेल यांनी १९४४ मध्ये ‘ट्रिब्यून’मधल्या आपल्या सदरात या प्रकरणाची दखल घेतली. हा सवाल मला आजही या विषयाचा गाभा वाटतो. ज्या राज्याच्या निर्णयांत माणसाला आवाज नाही, त्या राज्याला त्याचे आयुष्य मागण्याचा अधिकार कितपत?

आज निरनिराळे देश हा अधिकार निरनिराळ्या गोष्टींवर टेकवतात. अमेरिका वास्तव्यावर टेकवते. तिथे १९७३ पासून सक्तीची भरती नाही, पण ‘सिलेक्टिव्ह सर्व्हिस’ची नोंदणी आहे. १८ ते २५ वयाच्या पुरुषांना ती करावी लागते. त्यात नागरिक आले, दुहेरी नागरिक आले आणि ग्रीन कार्डवाले भारतीयही आले. विद्यार्थी व्हिसावर कायदेशीरपणे असलेल्याला ती लागू नाही. नोंदणी चुकवलेल्या तरुणाला पुढे अमेरिकी नागरिकत्व मिळताना अडचण येऊ शकते.

सिंगापूरचा कायदा अधिक काटेकोर आहे. १९६७ पासून तिथे नागरिकांबरोबरच कायम रहिवाशांच्या मुलांनाही २ वर्षे सेवा आहे, आणि त्यानंतर राखीव सैनिक म्हणून चाळिशीपर्यंत, अधिकाऱ्यांना पन्नाशीपर्यंत, बोलावणे येत राहते. नोकरीच्या बळावर कायम रहिवासी झालेल्या वडिलांना सूट असते, त्यांच्यामुळे रहिवासी झालेल्या मुलाला नसते. म्हणजे भारतीय पासपोर्ट असलेला मुलगा सिंगापूरच्या सैन्याचा गणवेश घालतो, आणि तरी तो भारताचाच नागरिक राहतो. वयाच्या १३ व्या वर्षापासून दीर्घ काळ बाहेर राहायला परवाना लागतो. बोलावणे टाळल्यास १०,००० सिंगापूर डॉलरपर्यंत दंड, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. नागरिकत्व सोडून सेवेतून मोकळीक मागायची तर मूल ११ वर्षांचे होण्याआधीच कुटुंबासह देश सोडलेला असावा आणि तिथल्या सवलतींचा विशेष लाभ घेतलेला नसावा, अशी त्यांची भूमिका आहे. लाभ घेतला तर सेवा द्या, हा युक्तिवाद मला कठोर वाटतो, पण अन्यायाचा वाटत नाही. शाळा, सुरक्षा, रुग्णालय या साऱ्याचा उपभोग घेतलेला मुलगा त्या समाजाचे काही देणे लागतोच. अडचण एवढीच, की निर्णय वडील घेतात आणि हिशेब मुलगा चुकवतो.

या निर्णयाची किंमत कुठवर जाते हे भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये दिलेल्या एका निकालावरून कळते. आई-वडिलांनी सिंगापूरचे नागरिकत्व घेतले तेव्हा मुलगा आईच्या पोटात होता, आणि १९९९ मध्ये तो तिथेच जन्मला. सज्ञान झाल्यावर त्याने भारतीय नागरिकत्व पुन्हा मागितले. न्यायालयाने सांगितले की आई-वडिलांचे नागरिकत्व कलम ९ ने आपोआप संपले होते, त्यांनी ते कलम ८ प्रमाणे घोषणा करून सोडलेले नव्हते. म्हणून कलम ८(२) ने मुलांना दिलेला परतीचा हक्क याला लागू नाही. कायदा तोच राहिला असता, फक्त आई-वडिलांनी आधी घोषणा केली असती, तर मुलाचे म्हणणे वेगळ्या पायावर उभे राहिले असते.

आता इस्रायलकडे वळू, कारण मराठी माणसाचा या प्रश्नाशी सर्वांत खोल संबंध तिथे आला. अलिबाग-पेणच्या परिसरातून, मुंबई-पुण्यातून आणि अहमदाबादहूनही बेने इस्रायल कुटुंबे १९४८ नंतर तिकडे गेली आणि दिमोना, अश्दोद, बेर्शेबा, लोद अशा गावांत वसली. १९५० च्या परतीच्या कायद्याने त्यांना नागरिकत्व मिळाले, आणि १९४९ च्या सैन्यसेवेच्या कायद्याने त्यांच्या मुलामुलींवर सेवा आली. मुलांची सेवा साधारण अडीच ते तीन वर्षांची, नंतर राखीव दलाची वर्षे वेगळी. इस्रायल दुहेरी नागरिकत्व मानतो, भारत मानत नाही. म्हणून मराठी बोलणाऱ्या या माणसांचा भारताशी असलेला कायदेशीर धागा तुटला. भाषेचा मात्र तुटला नाही. ‘मायबोली’ हे त्यांचे मराठी नियतकालिक त्याची साक्ष आहे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या विवाहांसाठी वंशाची चौकशी मागितली, तेव्हा त्यांना रस्त्यावर उतरावे लागले, आणि १९६४ मध्ये संसदेने त्यांच्या बरोबरीचा दर्जा मान्य केला. त्या मधल्या काळातही सैन्यसेवेचा कायदा त्यांच्या मुलांना इतरांइतकाच लागू होता. कर्तव्य पहिल्या दिवसापासून पुरे आणि मान मात्र झगडून मिळवायचा, हा अनुभव या समाजाने सोसला.

अशा कुटुंबातल्या मुलाने पुढे ओसीआय मागितले तर काय? परदेशी सैन्यात असलेल्या किंवा निवृत्त झालेल्या व्यक्तीला ओसीआय नाही, अशी अर्जासोबतच्या सूचनांत अट होती. मूळ कलम ७अ मध्ये सैन्यसेवेचा उल्लेखही नाही. जिथे प्रत्येक तरुण कायद्यानेच सैनिक होतो, तिथे या अटीने साऱ्या पिढीला दार बंद होत होते. ५ जुलै २०१७ रोजी तेल अविवमध्ये भारतीय समाजापुढे बोलताना पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी जाहीर केले, की सक्तीची सैन्यसेवा केलेल्यांनाही ओसीआय कार्ड मिळेल. ही घोषणा न्यायाची होती. स्वेच्छेने परक्या फौजेत पेशा म्हणून जाणे आणि कायद्याच्या जबरीने दोन-तीन वर्षे गणवेश घालणे, यांत राज्याने फरक करायलाच हवा.

हा फरक का महत्त्वाचा, ते नागरिकत्व कायद्याचे कलम ५(१)(छ) वाचल्यावर कळते. ५ वर्षे ओसीआय म्हणून नोंद असलेला आणि अर्जाआधी १२ महिने भारतात राहिलेला माणूस भारतीय नागरिकत्वासाठी अर्ज करू शकतो. म्हणजे ओसीआय नाकारणे हे नुसता व्हिसा नाकारणे नव्हे, तो मायदेशी परतण्याचा रस्ताच बंद करणे आहे. आणि तो कुणासाठी? ज्याने अठराव्या वर्षी कैदेऐवजी कायदा पाळणे पत्करले त्याच्यासाठी.

भारताने सुरक्षेची काळजी घेऊ नये असे मी म्हणत नाही. आपल्या राज्यघटनेचे कलम २३(२) सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लादायला राज्याला मुभा देते, कलम ५१अ(घ) हाक आल्यास राष्ट्रसेवा करणे हे कर्तव्य मानते. १९६२ च्या युद्धानंतर कॉलेजांत एनसीसी काही वर्षे सक्तीची होती, १९६८ मध्ये ती ऐच्छिक झाली. भारत युद्धात असताना कुणी परके नागरिकत्व घेतले तर कलम ९ चे परंतुक त्याचे भारतीय नागरिकत्व, सरकार अन्यथा सांगेपर्यंत, कायम ठेवते. युद्धाच्या वेळी नागरिकत्व बदलून कर्तव्यातून निसटता येऊ नये, ही जाण आपल्या कायद्यातच आहे. मग दुसऱ्या देशाने आपल्या नागरिकाकडून तेच कर्तव्य करवून घेतले, तर ते पार पाडणाऱ्याला आपण दोषी धरू नये.

म्हणून माझे मागणे दोन ठिकाणी आहे. संसदेकडे मागणे असे, की सक्तीने केलेली सैन्यसेवा ओसीआयला आड येणार नाही, हे वाक्य कलम ७अ मध्येच लिहावे. सूचनापत्रके बदलतात, घोषणा विसरल्या जातात, कायद्याचा मजकूर हाती धरून सामान्य माणूस दाद मागू शकतो. आणि दांडिया बाजारातल्या, रावपुऱ्यातल्या, बडोद्याबाहेरच्याही आई-वडिलांना सांगणे असे, की सिंगापूरची कायम रहिवासाची कागदपत्रे मुलाच्या नावाने भरण्याआधी, परक्या नागरिकत्वाची शपथ घेण्याआधी, जन्मनोंदीची वर्षाची मुदत टळण्याआधी, त्या देशाचा सैन्यसेवेचा कायदा वाचा किंवा जाणकाराकडून समजून घ्या. मूल ११ वर्षांचे होण्याच्या आत ते करा, आणि मुलगा कळता झाल्यावर त्यालाही त्या चर्चेत बसवा, कारण गणवेश त्याला घालायचा आहे.