बंदिश कोणाची, गायकी कोणाची?

ब्राम्सचा पाचवा ‘हंगेरियन डान्स’ आपल्यापैकी अनेकांनी नाव न कळता ऐकलेला असतो. या नाचांच्या पहिल्या दोन वह्या 1869 साली निघाल्या. एका पियानोवर दोघांनी मिळून वाजवायच्या. पाचव्याची चाल बेला केलर या बँडमास्तराच्या चार्दाशवरून घेतलेली आहे. ब्राम्सने तिला लोकसंगीत समजून उचलले. मात्र त्याने या नाचांना आपला ओपस क्रमांक दिला नाही, हे त्याच्या प्रामाणिकपणाला धरूनच झाले.

फ्रान्झ लिस्टची गोष्ट अधिक गुंतागुंतीची. लहानपणी त्याने यानोश बिहारी या रोमा वादकाचे व्हायोलिन ऐकले होते (या नावाचा आपल्या बिहारशी संबंध नाही). पुढे त्याने 19 हंगेरियन ऱ्हॅप्सोडी रचल्या. त्यांतल्या कित्येकींत आधी संथ ‘लशान’ आणि मग उसळता ‘फ्रिश्का’ येतो. ही विभागणी सैन्यभरतीच्या वेळच्या ‘वेर्बुंकोश’ नाचातून आली. कोमल गंधारावरून थेट तीव्र मध्यमावर, कोमल धैवतावरून शुद्ध निषादावर जाणारे सूरही त्याच वळणाचे.

हे सारे संगीत रोमांचेच, असे लिस्टने 1859च्या आपल्या फ्रेंच पुस्तकात ठासून मांडले. हंगेरीत संताप उसळला. विसाव्या शतकात बार्टोक आणि कोडाय फोनोग्राफ घेऊन खेडोपाडी हिंडले, तेव्हा शेतकऱ्यांच्या जुन्या गाण्यांत त्यांना पाचच सूर सापडले, जवळजवळ आपल्या धानीतले. रोमा बँड वाजवत त्या चाली बहुतेक शहरी हंगेरियन रचनाकारांच्या आहेत, असे बार्टोकने सांगितले.

तेव्हापासून लिस्टला चुकीचा ठरवण्याची रीत पडली आहे. मला ती अपुरी वाटते. आपल्याकडे बंदिश एकाची आणि गायकी दुसऱ्याची असते, हे कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. चालीबाबत लिस्ट चुकला. पण लय मनाजोगी ताणणे, सुराला वेलबुट्टीने मढवणे, अचानक वेग घेणे ही रोमा वादकांची गायकी होती आणि पियानोत उतरली ती हीच. नुसत्या चाली उतरवून ऱ्हॅप्सोडी झाल्या नसत्या.

चिंबालोम हे त्यांच्या बँडातले वाद्य. आपल्या संतूरसारखे, दोन काठ्यांनी तारा छेडून वाजवायचे. अकराव्या ऱ्हॅप्सोडीच्या आरंभी, थरथरत्या सुरांवर, लिस्टने वादकाला सूचना लिहिली आहे: ‘चिंबालोमसारखे’.